वीस लक्षणांची सभा

शनिवारी दुपारी चार वाजता सरांनी पितळी घंटा तीनदा वाजवली आणि घरातली माणसं वह्या-चष्मे घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती जमली. ही घंटा शाळेने सरांना निवृत्तीच्या दिवशी भेट दिली होती. काचेच्या कपाटात शोभेला राहील, अशी शाळेची भाबडी समजूत. गेली तेवीस वर्षं ती घरात वाजते आहे. गच्चीवर कुणी कुठल्या दोरीवर कपडे वाळत घालायचे इथपासून ताईच्या घटस्फोटापर्यंत या घरातला एकही प्रश्न घंटेशिवाय सुटलेला नाही. घंटेनेही सुटलेला नाही म्हणा, पण इतिवृत्त प्रत्येकाचं आहे.

सरांना घरात सगळे सरच म्हणतात. पोटची दोन मुलंसुद्धा. वडील ज्या शाळेत मुख्याध्यापक, त्याच शाळेत दोघं शिकली. तिथे भर वर्गात 'बाबा' म्हटल्याबद्दल एकदा छडी बसली आणि मग जीभ जी वळली ती वळली. थोरली मुलगी, म्हणजे ताई, आता त्याच शाळेची उपमुख्याध्यापिका आहे. मुलगा वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली गॅरेजात क्लास चालवतो. क्लासच्या पाटीवर 'शंभर टक्के निकाल' असं लिहिलंय आणि ते खरंही आहे, कारण जे नापास होणार त्यांना तो परीक्षेआधीच काढून टाकतो. त्याची बायको, सगळ्यांची वहिनी, शाळेत गणित शिकवते आणि घरात इतिवृत्त लिहिते. एका छपराखाली चार शिक्षक. अशा घरात मूल बिघडणं शक्यच नव्हतं, त्यामुळे गुरुवारी जे सापडलं त्याने सगळ्यांचीच पंचाईत झाली.

गुरुवारी वहिनीला स्वतःच्या मुलीच्या दप्तरात, अगदी तळाशी, गोळ्यांचं एक रिकामं पाकीट सापडलं. दहाच्या दहा खळगे फुटलेले, आणि जिथे औषधाचं नाव असतं ती कड कात्रीने नीट कापलेली. ते मुकाट्याने केराच्या डब्यात टाकलं असतं तर शनिवारची दुपार बरी गेली असती. पण वहिनीने ते नवऱ्याला दाखवलं, नवऱ्याने सकाळ उजाडायच्या आत ताईला सांगितलं, ताईने सरांच्या कानावर घातलं, आणि दुपारपर्यंत विषयपत्रिका टाइप होऊन आली.

मुलगी टेबलाच्या टोकाला उभी होती. तिला खुर्ची दिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने केसांची एक बट निळी करून घेतली तेव्हापासून घरात तिला निळी म्हणतात. बट केव्हाच वाढून कापली गेली, नाव मात्र राहिलं. आतेबहीण, ताईची मुलगी, बालवाडीपासून पहिली येते म्हणून पहिली. दोघींची खरी नावं हजेरीपटावर आहेत, घरात त्यांची गरज पडत नाही. पहिली या वेळी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. तिला या असल्या गोष्टींचा त्रास नको, असं सर्वांचं मत पडलं होतं.

"विषय क्रमांक एक," सर म्हणाले. "मागील सभेचं इतिवृत्त."

"वाचून कायम," वहिनी म्हणाली. वाचलं नव्हतं. मागची सभा गीझर चालू कुणी ठेवला यावर दोन तास चालली होती आणि ते पुन्हा ऐकायची कुणाचीच तयारी नव्हती.

"विषय क्रमांक दोन." सरांनी रुमालात गुंडाळलेलं पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं, रुमाल उलगडला आणि हात मागे घेतला.

"यात चर्चा कसली करायची?" निळीचा बाप म्हणाला. "रिझल्ट समोर आहे."

"चर्चा शास्त्रीय पद्धतीने होईल," ताई म्हणाली. "मी यादी आणलीय."

यादी म्हणजे सरांची यादी. 'पाल्य व्यसनाकडे वळल्याची वीस लक्षणे.' सरांनी ती नोकरीत असताना एका उन्हाळी सुट्टीत लिहिली आणि तेव्हापासून ती कितीतरी शाळांच्या शिक्षकखोल्यांत, पंख्याच्या बटणांशेजारी, चौकटीत लटकते आहे. ताईने तिचा स्लाइड शो केला. आठवड्यातून एक व्याख्यान तरी ती देतेच: 'ओळखा, सावरा, वाचवा.' शेवटच्या स्लाइडवर एका डॉक्टरीणबाईंचा नंबर असतो. तो पन्नास-साठ शाळांच्या शिक्षकांनी वहीत उतरवून घेतलाय. ताईने स्वतः तो कधी लावून बघितला नव्हता. लावायची वेळ इतरांवर येते.

"एक. अभ्यासात घसरण."

"घसरायला आधी वर असावं लागतं," निळी म्हणाली.

"दोन. मित्रमैत्रिणी अचानक बदलणे."

"बाबांनीच बदलायला लावल्या. पत्र्याच्या पेटीसारखं कुलूप घातलं होतं मला."

"सहा. केस व कपडे यांकडे दुर्लक्ष किंवा अतिलक्ष."

"म्हणजे कुणीही."

"नऊ," ताई चष्म्यावरून बघत म्हणाली, "उलट उत्तरे."

निळी गप्प बसली.

"गप्प बसलीस तर अकरावं," बाप म्हणाला. "एकलकोंडेपणा. लिही गं."

वहिनी लिहीत होती. गणिताची बाई असल्यामुळे तिला समोर यादी आली की पडताळा घेतल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तिने समासात बारीक टिंबं देत नवऱ्यालाही त्याच यादीतून काढला. चिडचिड, अवेळी झोप, फोन उलटा ठेवणं, भूक अकारण वाढणं, जबाबदारी टाळणं. आठ भरली. पण नवरा विषयपत्रिकेवर नव्हता. मग तिला वाटलं, सरांना तरी किती लागतील? रोज सकाळी अकराच्या आधी आणि संध्याकाळी पाचच्या आधी ते सगळ्यांवर खेकसतात, आणि गुडघ्याची गोळी घेतली की गरीब गाईसारखे होतात. तिने तिथे टिंब दिलं नाही. सासऱ्यांना टिंब देणारी सून अजून या घराण्यात जन्मायची होती.

"एकोणीसपैकी सतरा," ताईने बेरीज सांगितली आणि कागदाची घडी घातली. "याच्यावर अजून काय बोलायचं?"

"आत्या, विसावं राहिलं."

"ते आपल्याला लागू नाही."

"वाच तरी."

ताईने घडी उघडली आणि घाईघाईने वाचलं, "घरातील मोठ्या माणसांपैकी कुणास गोळी, बाटली किंवा तंबाखू यांची सवय असणे. नाही. पुढे."

"सर्वानुमते नाही," भाऊ म्हणाला. बऱ्याच वर्षांत बहीण-भावाचं एवढं एकमत झालं नव्हतं.

वहिनीने लिहिलं: विसावे, सर्वानुमते नाही. सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून वीस मिनिटं.

"हे पाकीट तुझंच ना?" बापाने विचारलं.

"माझ्या दप्तरात सापडलं ना?"

"कुठून आणलंस?"

"बाहेरून."

"कशाची गोळी आहे? किती घेतल्यास?"

"दहा भोकं दिसतायत. क्लासमध्ये शिकवता ना मोजायला?"

बापाने खिशातून एक रंगीत माहितीपत्रक काढून टेबलावर सपाट केलं. निवासी शाळेचं. फोटोत हिरवळ, घोडे आणि हसणारी मुलं. घोडे खरे वाटत होते. "सोमवारी ॲडमिशन. मी बोललोय त्यांच्याशी. फोन नाही, बाहेरचं जेवण नाही, महिन्यातून एकदा भेट."

वहिनीचं पेन थांबलं. "अहो, पण का घेतलं ते तरी आधी विचारू या ना तिला."

"वहिनी, तुम्ही लिहा," ताई म्हणाली.

ताईला खरं तर वहिनीची कीव येत होती. कीव करायला मिळणं ही चैन तिला फार दिवसांनी मिळाली होती. घटस्फोटाच्या सभेत याच टेबलावर याच भावाने विचारलं होतं, एकटी बाई मुलगी कशी वाढवणार? तो प्रश्न इतिवृत्तात आहे, वही सातवी. उत्तर म्हणून ताईने अकरा वर्षं पहिलीला पहिली आणलं होतं. आज भाऊ घामाघूम होऊन घोड्यांचे फोटो दाखवत होता आणि ताईला बरं वाटत होतं. बरं वाटल्याची थोडी लाजही वाटत होती, पण बरं जास्त वाटत होतं. त्यातून तिने साक्षीदारही बोलावला होता. काल शिक्षकखोलीत शिवणबाई तिच्याजवळ येऊन पुटपुटल्या होत्या की घरच्या मुलीबद्दल जरा बोलायचंय, घरी येऊ का? ताई म्हणाली, अवश्य या, साडेचारला.

साडेचारला बेल वाजली. वेळ पाळणं हा शिवणबाईंचा एकमेव गुण शाळेच्या दप्तरी नोंदलेला आहे. बाकी शाळेत त्यांना कुणी मोजत नाही. तळमजल्यावर, माठाशेजारच्या खोलीत, चार पायमशिनं आणि त्या. शिवणाला गुण नसतात, श्रेणी असते, आणि तीही प्रगतिपुस्तकात मागच्या पानावर. निरीक्षक येतात तेव्हा त्यांच्या खोलीत जादा खुर्च्या रचून ठेवतात.

शिवणबाई दारात चपला काढून, कापडी पिशवी पोटाशी धरून आत आल्या. त्यांनी सरांना नमस्कार केला, मग टेबलाशी उभ्या असलेल्या निळीकडे बघितलं आणि तिला म्हणाल्या, "तू का उभी गं? बस की."

"तिच्याबद्दलच चाललंय," ताई म्हणाली. "तुम्ही सांगा, मोकळेपणाने सांगा. इथे सगळे शिक्षकच आहेत."

"मी हिच्याबद्दल नाही आले, मॅडम. ही माझ्या तासाला असते कुठे? हिने शिवण सोडून चित्रकला घेतली, त्याला दोन वर्षं झाली."

"मग?"

"तुमच्या मुलीबद्दल आलेय."

ताई हसली. खरंच हसू आलं तिला. "माझी मुलगी? बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ती पहिली येते."

"हो, ते फलकावर वाचते ना मी." शिवणबाईंनी पिशवीतून कापडाची लांब पट्टी काढली आणि घोड्यांच्या फोटोवर पसरली. "हे तिचं नमुन्याचं कापड. दर आठवड्याला एक ओळ घालायची. कडेला पेन्सिलीने तारीख असते, बघा. ही जूनची."

जूनची ओळ सरळ होती. टाका टाक्यासारखा, मशिनने घातल्यासारखा. जुलैही तसाच. ऑगस्टच्या मध्यावर ओळ किंचित खाली उतरली, टाके लांब झाले. सप्टेंबरात मध्येच गाठी, सुटलेले धागे. ऑक्टोबरची शेवटची ओळ कुठून सुरू होते आणि कुठे जाते तेच कळत नव्हतं. वहिनीने पेन खाली ठेवलं. असा आलेख तिने वर्गात हजारदा काढला होता, पण दोऱ्याने काढलेला पहिल्यांदाच बघत होती.

"कंटाळा करत असेल," ताई म्हणाली. "बोर्डाचं वर्ष आहे. शिवणाकडे कोण लक्ष देतं?"

"मलाही तसंच वाटलं. मग हे बघितलं." बाईंनी सप्टेंबरवर बोट ठेवलं. तिथे तपकिरी रंगाचे तीन ठिपके होते, पुढे ऑक्टोबरात आणखी दोन. "रक्त आहे. सुई बोटात गेली, चांगली आत, आणि ती शिवतच राहिली. कापडाला लागलं तेव्हा शेजारची मुलगी ओरडली. मी हात धरला तर मला म्हणते, काही नाही बाई, दुखत नाही. मॅडम, सुई टोचली की पोर ओरडतं. मोठी माणसंही ओरडतात. तीस वर्षांत मला कुणी दुखत नाही म्हणून सांगितलं नव्हतं."

वहिनीने पट्टीची कड उचलून ठिपके जवळून बघितले.

"मग मी लक्ष ठेवलं. पायमशिनवर बसल्या बसल्या डुलक्या. हात खाजवून खाजवून लाल. आणि डोळे बघा तिचे, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली असते, अंधाऱ्या खोलीतसुद्धा. डबा उघडत नाही. तुमच्या यादीत हे आहे की नाही, मला माहीत नाही."

"तुम्ही माझ्या व्याख्यानाला नव्हता का?" ताईने विचारलं.

"नव्हते. शिवण हा विषय नाही म्हणून मला बोलावलं नव्हतं. मी हॉलमध्ये खुर्च्या लावून दिल्या आणि खाली गेले."

टेबलाच्या टोकाशी निळी मटकन बसली. तिने दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. दुपारभर जी पोर तोंडाला तोंड देत होती तिचे खांदे हलायला लागले तेव्हा बापाला काय करावं कळेना. त्याने माहितीपत्रक उचललं आणि परत ठेवलं.

"पाकीट तिचं आहे," निळी हातांमागून म्हणाली. "मी बुधवारी तिच्या दप्तरातून काढलं. फेकणार होते शाळेत, राहून गेलं."

"मग इतका वेळ खोटं का बोललीस?" वहिनी उठून तिच्याजवळ गेली.

"यादीत मी आधीपासूनच होते. तिला कशाला आणखी ओढायचं? आणि ती म्हणाली होती, परीक्षेपर्यंत सोडते. तीनदा म्हणाली."

वहिनीने तिचं डोकं पोटाशी धरलं. इतिवृत्ताच्या वहीवर चहाचा कप कलंडला होता, पण तो सरळ करायला कुणी गेलं नाही. बापाने खाकरून विचारलं, "पण तिला या गोळ्या मिळाल्या कुठून? ती तर घराबाहेर पडत नाही. क्लास, शाळा आणि..."

आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

सरांना ते पाकीट चार वाजताच ओळखू आलं होतं. नाव कापलं असलं म्हणून काय झालं? पाठीमागे बारीक हिरवी रेघ असते, आणि ती रेघ ते रोज दोनदा बघत होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या सहा आठवड्यांच्या. गुडघा केव्हाच बरा झाला, सर बागेत पोरांना मागे टाकून चालतात. पण सहाव्या आठवड्यानंतर गोळी चुकली की अंगाला मुंग्या यायच्या, नाक वाहायचं, जीव नकोसा व्हायचा, म्हणून त्यांनी ठरवलं की गुडघा अजून दुखतो. औषधाचं दुकान एका जुन्या विद्यार्थ्याचं. सरांकडे चिठ्ठी कसली मागायची? तो नुसता सरांचं नाव ऐकून पाकीट काढून द्यायचा, आणि आणायला जायची पहिली. घरात तिचं कौतुक व्हायचं. बघा, एवढा अभ्यास सांभाळून आजोबांचं करते.

आणि ऑगस्टमध्ये, सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती त्यांच्या खोलीच्या दाराशी आली होती. डोकं फुटेल असं दुखतंय म्हणाली. हात गार पडले होते. दुसरी आले तर, असं पुन्हा पुन्हा विचारत होती. सरांनी स्वतःच्या हाताने गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी घे, काही होत नाही, मी रोज घेतो. ती शांत झोपली. दुसऱ्या दिवशी पहिली आली. सरांना त्या अर्ध्या गोळीचा मनातल्या मनात अभिमान वाटला होता.

हे सगळं माहीत असून ते पाऊण तास अध्यक्षस्थानी बसले होते. एका नातीला घोड्यांच्या शाळेत पाठवायचा ठराव समोर येत होता आणि ते घड्याळ बघत होते. पाचाला दहा कमी असल्यापासून त्यांच्या मांडीवरचा हात कापत होता आणि त्यांनी तो टेबलाखाली ठेवला होता.

पाच वाजले. आतलं दार उघडलं आणि पहिली बाहेर आली. लांब बाह्यांचा कुर्ता, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात बशी, बशीत गोळी. "सर, पाच वाजले," रोजच्यासारखं ती म्हणाली. मग तिला टेबलावरचं कापड दिसलं, शिवणबाई दिसल्या, आणि मामीच्या कुशीत तोंड लपवलेली निळी दिसली. पेला हिंदकळला.

"काय घेतेस तू?" ताई ताडकन उठली. "किती दिवसांपासून? अगं माझी मुलगी असून तू... लोकांच्या शाळांत जाऊन मी काय तोंडाने..."

"मॅडम, आरडाओरडा नको," शिवणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी उपमुख्याध्यापिका खाली बसली. "तुमचं तोंड नंतर बघू. तिला खाली बसू द्या. आणि एक, गोळ्या आजच्या आज एकदम बंद करून कुलपात घालू नका. अंग मोडतं, उलट्या होतात, पोरं घाबरून दुप्पट घेतात. आधी डॉक्टर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दवाखान्यात जाऊन विचारून आले. कुणाच्या घरी असलं सांगायला जायचं तर आधी विचारून जायला नको?"

एवढी साधी गोष्ट वीस लक्षणांत कुठेही नव्हती.

पहिली बसली नाही. बशी धरून तिथेच उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. एकटे सर बशीतल्या गोळीकडे बघत होते, आणि आपण पोरीकडे न बघता गोळीकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांना एवढी शरम कधी वाटली नव्हती. मुख्याध्यापक असताना त्यांनी एका मुलाला खिशात तंबाखू सापडली म्हणून शाळेतून काढला होता. त्याला सुधारायची एक संधी द्या म्हणून त्याची आई वरांड्यात दोन तास उभी होती. ती आठवायची ही वेळ नव्हती, पण आठवली.

"ताई," ते म्हणाले. "विसावं वाच."

"सर, ते आपण..."

"वाच."

ताईने वाचलं. या वेळी सावकाश वाचावं लागलं, कारण अक्षरं नीट दिसत नव्हती.

"वहिनी, सर्वानुमते नाही, असं लिहिलंय ते खोडा. तिथे हो लिहा." सरांनी टेबलाखालचा हात वर काढून कापडाशेजारी ठेवला. तो चांगलाच कापत होता, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. "या माझ्या गोळ्या आहेत. पहिली अर्धी मी दिली. ऑगस्टमध्ये. पोरीने चोरी केली असेल तर नंतर केली. पाकीट मी चार वाजताच ओळखलं होतं, आणि निळीला तसंच उभं राहू दिलं."

घराण्याच्या नावाचं काहीतरी भावाच्या ओठांवर आलं होतं, पण घराण्याचं नावच समोर बसून हात कापत होतं. त्याने माहितीपत्रकाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ते खिशात न ठेवता फाडून टाकलं. निळीने डोकं वर करून बापाकडे बघितलं. हेही या घरात पहिल्यांदाच होत होतं.

"सर, तुम्ही नका ना बोलू असं," पहिली म्हणाली. आता तिला रडू फुटलं होतं. "मीच मागायचे दुकानात. एकाच्या जागी दोन पाकिटं. ते देत गेले. आधी नुसती परीक्षेच्या आधी घ्यायचे. मग गोळीशिवाय सकाळी उठताच येईना. मी पहिली नाही आले तर तुम्ही सगळे काय बोलणार माझ्याशी? दुसरं आहे काय आपल्याकडे बोलायला?"

ताईने आपली खुर्ची मागे सरकवली, मुलीजवळ गेली आणि तिच्या कुर्त्याची बाही वर केली. खाजवल्याचे ओरखडे कोपरापर्यंत होते. रोज सकाळी हिची वेणी आपण घालतो आणि हे आपल्याला दिसलं नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. तिने बाही खाली केली नाही. तो हात तसाच हातात घेऊन उभी राहिली.

सरांनी शिवणबाईंकडे बघितलं. शिवणाचा तास आठवड्यातून दोनवरून एक त्यांनीच केला होता, मुख्याध्यापक असताना. "बाई," त्यांनी विचारलं, "ही आत्ताची गोळी... घेऊ का?"

"मला नाही सांगता येणार, सर. डॉक्टरांना विचारा. तिच्याबद्दल विचाराल तेव्हा तुमचंही विचारा."

ताईला नंबर शोधावा लागला नाही. शेवटची स्लाइड तोंडपाठ होती. तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. चारदा रिंग गेली आणि एका मुलीने उचलला. डॉक्टर आज सहाला बसतात, ती म्हणाली, गोळीचं काय करायचं ते मी आत विचारून लगेच सांगते, तोवर नाव लिहून घेते. पेशंटचं वय?

"सोळा," ताई म्हणाली.

"बरं. सोळा."

"आणि एक्क्याऐंशी," सर म्हणाले.

वहिनीने ओली वही पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं आणि विचार करून परत लावलं.

"म्हणजे दोन पेशंट का?" फोनवरच्या मुलीने विचारलं. "दोघांना एकच वेळ दिली तर चालेल?"

पहिलीने बशी टेबलावर ठेवली आणि बाहीने नाक पुसलं.

"चालेल," ती फोनकडे वाकून म्हणाली. "मी आणि आजोबा बरोबरच येतो."